खारेपाटाचा नकाशा करायचाय? आधी पंचांग उघडा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुंबईत भूगोलात एम.ए. करते आहे, घर अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेल्या भातपट्ट्यात. बांधाला खांड (भगदाड) पडल्यापासून गावची बरीच खाचरं खारट झाली, पण नेमकी किती जमीन गेली याचा हिशोब कुणाकडे नाही. तिने सेंटिनेल-२ उपग्रहाची मोफत चित्रं उतरवली, चार-पाच ‘क्षारता निर्देशांक’ (चित्रातल्या रंगांच्या आकड्यांवरून खारेपणा काढायची सूत्रं) लावले, वर रँडम फॉरेस्ट हे नमुन्यांवरून शिकणारं संगणकी मॉडेलही चालवलं. नकाशा आला तो असा: घरांचे पत्रे, रेतीचा ढीग आणि मिठागर खारट; आणि ज्या खाचरात वडिलांनी पाच वर्षं भाताची लोंबी पाहिली नाही, ते ठणठणीत. तिचं म्हणणं, ‘सर, माझं चुकलं कुठे? की वरून मीठ दिसतच नाही?’

दिसतं. पण रोज दिसत नाही आणि सगळीकडे दिसत नाही. तुमची चूक सूत्रात नाही, चित्राच्या तारखेत आहे. तुम्ही पाठवलेल्या यादीत नोव्हेंबर ते मे या काळातली बारा चित्रं आहेत आणि त्यांचा मध्यक, म्हणजे प्रत्येक ठिकाणचा मधला आकडा, काढून एकच चित्र बनवलंय. खारजमिनीवर मध्यक लावणं म्हणजे वर्षातून दोनेक महिने येणाऱ्या पाहुण्याला वर्षाच्या सरासरीत शोधणं. तो सापडणार नाहीच.

मीठ मातीत कसं वागतं ते आधी पाहू. पावसाळ्यात कोकणात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाणी कोसळतं. ते वरच्या थरातलं मीठ धुऊन खाली ढकलतं किंवा उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खाडीत सोडतं. म्हणून तर खारेपाटात भात होतो. पाऊस संपला की उलटा प्रवास सुरू. खालचं पाणी केशाकर्षणाने वर चढतं, उन्हाने वाफ होऊन जातं आणि मीठ मागे ठेवतं. डिसेंबरात काही कळत नाही. मार्चपासून ढेकळांच्या कडा पांढुरक्या व्हायला लागतात, एप्रिल-मेमध्ये पापुद्रा धरतो आणि जूनच्या पहिल्या दोन सरींत तो विरघळून नाहीसा. म्हणजे तुमच्या हातात खरी खिडकी साधारण मार्चअखेर ते मेअखेर एवढीच. त्यातही मेच्या शेवटी ढग जमायला लागतात आणि वळवाची एक सर आली तरी चित्र बिघडतं. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सगळी चित्रं बाजूला काढा. मधला काळ कळायला ती उपयोगी पडतील, मीठ शोधायला नाहीत.

आता वरून काय दिसतं. शुद्ध मिठाला, म्हणजे सोडियम क्लोराइडला, दृश्य प्रकाशात आणि जवळच्या अवरक्तात (इन्फ्रारेडमध्ये) स्वतःची अशी ठळक खूण नाही. जिप्समला आहे, चिकणमातीच्या खनिजांना आहे, मिठाला नाही. मीठ फक्त उजळ दिसतं, आणि उजळ दिसणारं जगात खूप काही आहे. पत्रा उजळ, काँक्रीट उजळ, रेती उजळ, वाळलेला पेंढा उजळ. तुमच्या नकाशात पत्रे खारट का झाले याचं उत्तर एवढंच. याउलट खरोखर खारट जमीन कधी कधी काळपट दिसते. खाडीच्या पाण्यात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. अशा जागी सकाळी जमीन दमट, चिकट आणि गडद असते. उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास येतो, तेव्हा ती अजून पुरती वाळलेलीही नसते. वडिलांचं खाचर ‘ठणठणीत’ दिसण्याचं हे एक कारण असू शकेल. दुसरं कारण मिठाचं प्रमाण. साध्या प्रकाशचित्रात जोरदार खारट जमीन चांगली ओळखू येते, मध्यम खारट जेमतेम, आणि भाताला त्रास देण्याइतपत पण पापुद्रा न धरणारी जमीन जवळजवळ नाहीच. खारेपणा मातीच्या विद्युत वाहकतेवरून मोजतात; भाताचं उत्पन्न तर ३ डेसिसायमन प्रति मीटरपासूनच घटू लागतं.

निर्देशांकांबद्दल एक गोष्ट, कारण ही चूक मी बऱ्याच प्रबंधांत पाहिली आहे. तुम्ही वापरलेल्यांपैकी ‘सामान्यीकृत क्षारता निर्देशांक’ म्हणजे लाल वजा जवळचं अवरक्त, भागिले दोघांची बेरीज. वनस्पती निर्देशांक काय आहे? अवरक्त वजा लाल, भागिले तीच बेरीज. फक्त चिन्ह उलटं. एकाच आकड्याला दोन नावं देऊन दोन्ही मॉडेलात घातली तर मॉडेल शहाणं होत नाही, आपल्याला मात्र आपण दहा गोष्टी वापरल्या असं वाटतं. निळा गुणिले लाल, त्याचं वर्गमूळ, हा दुसरा निर्देशांक निदान वेगळं काही मोजतो. तो उजळपणा मोजतो. त्यांच्यासोबत सेंटिनेलचे ११ आणि १२ क्रमांकाचे बँड (लघुतरंग अवरक्ताचे पट्टे) ठेवा, कारण ओलावा तिथे कळतो. आणि ‘उजळ आहे पण ओलं नाही’ आणि ‘गडद आहे कारण ओलं आहे’ यातला फरक ओलाव्यावाचून करता येत नाही. निर्देशांकांची संख्या वाढवण्यापेक्षा चित्राची तारीख सुधारा. त्याने जास्त फरक पडतो.

तारीख म्हणजे नुसता महिना नव्हे. आता पंचांगाकडे येतो.

तुमच्या आजोबांना विचारा, भरतीची वेळ कशी काढतात. तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल, पण हिशोब मुंबईच्या किनाऱ्यावर आजही चालतो. पावसाळ्यात उधाणाच्या मोठ्या भरतीचे इशारे बहुतेक दुपारी बारा-एकच्या आसपासचे असतात, ते यामुळेच. आता सेंटिनेल-२ आणि अमेरिकेचा लँडसॅट हे दोन्ही उपग्रह मुंबईवरून जातात सकाळी अकराच्या आगेमागे. दर खेपेला त्याच वेळी, कारण त्यांची कक्षाच तशी बांधलेली असते. याचा अर्थ पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी घेतलेलं प्रत्येक चित्र भर उधाणाचं असतं आणि सप्तमी-अष्टमीचं चित्र भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या दिवसांतल्या, ओहोटीचं.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचा राग आला होता. कितीतरी वर्षं मी चित्रं निवडताना ढगांची टक्केवारी पाहत होतो आणि कोळ्याचं पोर जे तोंडपाठ सांगेल ते पाहत नव्हतो.

हे कळल्यावर काम सोपं होतं. मार्च ते मे या काळात सेंटिनेल-२चे दोन उपग्रह धरून दर पाच दिवसांनी एक, म्हणजे अठरा-एक चित्रं मिळतात. त्यांतली सप्तमी-अष्टमीच्या आसपासची दोन-तीन घ्या: तेव्हा उधाण होऊन आठवडा झालेला असतो, जमीन वाळलेली असते, पापुद्रा दिसतो. आणि चतुर्दशी ते प्रतिपदा यांतली एक-दोन घ्या. भरतीच्या चित्रात ज्या खाचरात पाणी आहे आणि भांगाच्या चित्रात नाही, तिथे खाडीचं पाणी आत येतंय. उन्हाळ्यात दुसरं कुठलं पाणी यायचं? ती खाचरं आज पांढरी असोत वा काळी, ती खारट आहेत. इथे मीठ ओळखायची गरजच उरत नाही, पाणी ओळखलं की पुरे. आणि पाणी ओळखणं हे उपग्रहाचं सगळ्यात पक्कं काम. तुमच्या वडिलांचं खाचर या फरकात उठून दिसेल असा माझा अंदाज आहे. एवढंच नव्हे, पाण्याची जीभ कुठून आत शिरते ते पाहिलं की खांड नेमकी कुठे आहे तेही कळतं. दोनदा मी असं केलं आणि दोन्ही वेळा खांड नव्हतीच, उघाडीची फळी कुजून गेली होती.

रडार वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. पावसाळ्यात ढगांखालचं पाणी पाहायला सेंटिनेल-१ हा रडार-उपग्रह उत्तम. पण भरतीसाठी त्यावर विसंबू नका. तो मुंबईवरून सकाळ-संध्याकाळ सहा-साडेसहाच्या सुमारास जातो. पाऊणपटीचा हिशोब लावा: त्या वेळी भरती असते ती अष्टमी-नवमीला, म्हणजे भांगाची, मरतुकडी. उधाणाची मोठी भरती तो कधीच पाहत नाही. सैद्धांतिक बाजूने रडारचं आकर्षण आहे हे खरं. मातीतला ओलावा आणि खारेपणा दोन्ही तिच्या विद्युत गुणधर्मांवर परिणाम करतात आणि तरंग जितका लांब तितका खारेपणाचा भाग जास्त जाणवतो. त्यामुळे ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहाच्या एल-बँड, म्हणजे लांब तरंगाच्या, रडारकडे आमच्या धंद्यातले बरेच लोक डोळे लावून बसलेत. मीही. पण तोही सहाच्या वेळेचाच पाहुणा आहे. एम.ए.च्या प्रकल्पात त्याच्या मागे लागू नका.

आता वनस्पतीची बाजू, कारण पिकाच्या हिरवेपणावरून तुम्ही केलेला दुसरा नकाशा त्यावर उभा आहे आणि तो पहिल्याहून जास्त फसवा आहे. ‘पीक कमजोर, म्हणून जमीन खारट’ हे देशावर बऱ्यापैकी चालतं. किनाऱ्यावर त्याची गंमत होते. तुमच्या नकाशातलं सगळ्यात हिरवं काय आहे? खाडीकाठची तिवरं, म्हणजे खारफुटी. आणि सगळ्यात खारट जमीन कुठली? तीच. तिवर आणि चिपी जिथे दाटीने उभी आहेत तिथला वनस्पती निर्देशांक एखाद्या आमराईला लाजवेल. खांड पडून दहा-पंधरा वर्षं झालेल्या खाचरांत ती आत सरकलेली असतात, म्हणजे पूर्वीच्या भातखाचरावरच. तुमचा वर्गीकरणकर्ता त्याला बिनदिक्कत ‘उत्तम शेती’ म्हणतो. तिवरं आधी वेगळी काढा. ती बारमाही हिरवी असतात, भात नसतो; एप्रिलचं आणि ऑक्टोबरचं चित्र शेजारी ठेवलं की वेगळी होतात. लँडसॅटची जुनी चित्रं १९८४पासून ३० मीटरच्या तपशिलात मिळतात, तीही मोफत. दरवर्षीचं एप्रिलचं एक चित्र ओळीने लावलं की खाचर कोणत्या वर्षी गेलं ते जवळजवळ वर्षासकट सांगता येतं. ही पट्टी गावात दाखवा. म्हातारी माणसं बोलू लागतात. ‘त्या साली अमक्याचं लग्न होतं, त्याच उधाणाला गेला बांध’ अशा साक्षी मला कुठल्याही अचूकतेच्या तक्त्यापेक्षा मोलाच्या वाटतात.

विषय सोडून थोडं बोलतो. चरीच्या संपाचा प्रदेश आहे हा. १९३३पासून सहा वर्षं तिथल्या कुळांनी खोतांची शेती कसायला नकार दिला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. ज्या जमिनीसाठी लोक सहा वर्षं उपाशी राहिले ती आज समुद्राकडे परत जातेय. तुमचा नकाशा म्हणजे नुसती प्रॅक्टिकलची फाईल नाही, एवढंच म्हणायचं होतं.

पीक कमजोर दिसण्याची इतर कारणंही खारेपाटात भरपूर. पोरं मुंबईला नोकरीला, घरी कसणारं कुणी नाही, म्हणून ओसाड. जमीन विकली गेली, घेणारा बाहेरचा, तो कशाला नांगरतोय, म्हणून ओसाड. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून पलीकडच्या जमिनीवर डोळे वाढलेत हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि अशा ओसाड जमिनीचा बांध कुणी राखत नाही, म्हणून दोन-चार वर्षांत ती खरोखरच खारट होते. म्हणजे आजची चूक उद्याचं सत्य ठरते. उलट बाजूही आहे. काही जुनी घरं अजून राता हा गावठी भात पेरतात. तो खारेपणा सोसतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेली पनवेल-१, २, ३ ही वाणंही त्याचसाठी आहेत. खाचर खारट असून भात हिरवागार, अशी स्थिती यामुळे येते. तेव्हा निर्देशांकाचा आकडा वाचण्याआधी त्या खाचरात पेरलंय काय ते विचारा. सलग पाच खरिपांत, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या उघडीपीत, एकच तुकडा शेजाऱ्यापेक्षा मागे राहत असेल तरच त्याला संशयित धरा. एका वर्षाचं फिकं पीक खोडकिडीचंही असतं.

मिठागरांचं वेगळंच प्रकरण आहे. भाईंदर-नायगावच्या पट्ट्यात लोकलच्या खिडकीतून एप्रिलमध्ये पाहिलंत तर एक वाफा पांढरा, एक तपकिरी, एक चक्क गुलाबी दिसतो. गुलाबी का, तर दाट खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव. ही सगळी जागा माणसाने मुद्दाम खारट केली आहे. तिला क्षारपड शेतीत मोजायचं नाही. हाताने सीमा आखून मुखवटा लावा, म्हणजे तेवढा भाग हिशोबातून झाका, अर्ध्या तासाचं काम आहे. पण मुखवट्यावरून आठवलं: सेंटिनेलच्या तयार चित्रांसोबत ढगांचा जो मुखवटा येतो, तो अतिशय उजळ जमिनीला ढग समजतो. मिठाचे पांढरे तुकडे तो कापून टाकतो. मग आपण भाबडेपणाने म्हणतो, मीठ दिसत नाही. एप्रिलच्या स्वच्छ दिवशी मुखवटा बंद करा आणि चित्र डोळ्यांनी पाहा. मी आजही पहिलं चित्र डोळ्यांनीच पाहतो, खऱ्या रंगात, गूगल अर्थ इंजिनची गणितं बाजूला ठेवून.

डोळेही फसतात, हेही लगेच सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी पेणकडच्या एका गावाचा नकाशा घेऊन मी गेलो होतो. नकाशात एक ठसठशीत पांढरा तुकडा, जवळजवळ गोल, तीस-चाळीस पिक्सेलचा. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, हा तुमच्या गावातला सगळ्यात खारट भाग. सोबतच्या मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे, आणि म्हणाले, ‘साहेब, ते आमचं ग्राउंड. भात कापलं की पोरं मुरूम टाकून रोलर फिरवतात. फेब्रुवारीत टुर्नामेंट असते.’ तिथून पुढे प्रत्येक गोल, एकटा, पांढरा तुकडा दिसला की आधी विचारतो, खेळता का इथे? खारट जमीन गोल नसते. ती जुन्या खाडीच्या फाट्यांच्या आकाराने वळसे घेत जाते, सखल भागात साठते, बांधाच्या आतल्या बाजूला दाट असते. आकार ही मोठी खूण आहे आणि पिक्सेल-पिक्सेल पाहणाऱ्या मॉडेलला ती दिसत नाही. तसेच राबाचे, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेल्या जागेचे, डाग. मार्च-एप्रिलमध्ये भाजलेला राब काळा ठिक्कर असतो. त्याखाली मीठ असो नसो, चित्र ‘नाही’ म्हणणार.

आता माती. हिच्याशिवाय नकाशा म्हणजे रंगकाम. तुमच्याकडे अकरा नमुने आहेत, तेही मृदा आरोग्य पत्रिकेवरून घेतलेले. इथे एक फार सोपी आणि फार महागात पडणारी चूक झाली आहे. आपल्याकडे ‘४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर खारट’ हा जो निकष आहे तो मातीच्या संपृक्त अर्काचा, म्हणजे माती जेमतेम पूर्ण भिजेल एवढंच पाणी घालून काढलेल्या पाण्याचा, आहे. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४मध्ये रूढ केलेला. पत्रिकेवरची विद्युत वाहकता मात्र एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असं मिसळून मोजलेली असते. पाणी जास्त, म्हणून आकडा कमी येतो. तुमच्या पत्रिकेवरचं १.८ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. संपृक्त अर्कात ते ४च्या बरंच पुढे जाऊ शकतं. दोन्हींना जोडणारा एकच गुणक नाही, मातीच्या पोतावर तो बदलतो. म्हणून निदान दहा-बारा नमुने दोन्ही पद्धतींनी मोजून घ्या आणि आपल्या गावचा गुणक आपणच काढा. आणखी एक: त्या पत्रिकेतला नमुना कोणत्या महिन्यातला आहे ते लिहिलंय का? ऑक्टोबरची माती आणि एप्रिलचं चित्र यांचं लग्न लावून काही निष्पन्न होत नाही.

नमुने घ्यायचे ते उपग्रह जाण्याच्या तीन-चार दिवस आगेमागे, मध्ये पाऊस नको. कुठे, तर चित्र पाहून निवडलेल्या जागी: पांढऱ्या, काळपट-दमट, मध्यम, आणि चांगल्या भाताच्याही. सगळे नमुने पांढऱ्यातच घेतले तर मॉडेलला ‘नाही’ शिकवणार कोण? खारेपाटातली खाचरं लहान, मध्ये बांध. सेंटिनेलचे ११ आणि १२ हे बँड २० मीटरचे आहेत, मोबाइलचा जीपीएस तीन-पाच मीटर इकडेतिकडे जातो. म्हणून चाळीस मीटर तरी सलग एकसारखी असेल अशीच जागा धरा, तिच्या मधोमध उभं राहून पाच ठिकाणची माती एकत्र करा. ०-१५ सेंटिमीटर एक थर, १५-३० दुसरा. वरचा पापुद्रा खरवडून वेगळ्या पिशवीत ठेवा. तो मिसळला तर आकडा अवास्तव फुगतो आणि वगळला तर उपग्रहाने जे पाहिलं तेच आपण फेकून देतो. पेन्सिलीसारखा वाहकतामापक काही हजार रुपयांत मिळतो, बाटलीत डिस्टिल्ड वॉटर न्या. साठ-सत्तर नमुने झाले तर तुमचं काम बऱ्याच मोठ्या अहवालांपेक्षा बरं होईल, हे मी खुशामत म्हणून सांगत नाही.

देशभराच्या आकडेवारीत आपलं गाव का सापडत नाही, हेही तुम्ही विचारलंत. भारतात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारग्रस्त आणि महाराष्ट्रात सुमारे ६ लाख, हे नेहमी दिले जाणारे आकडे १ः२,५०,००० प्रमाणाच्या नकाशांवरून आलेले आहेत. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे २५० मीटर. तुमच्या गावची खारबंदिस्ती (बांधाआडची जमीन) पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जाते. शिवाय महाराष्ट्राच्या आकड्यातला मोठा भाग देशावरचा आहे: कालव्याचं पाणी, ऊस, काळी माती आणि निचरा नाही. नीरा खोऱ्यात हे दुखणं एवढं जुनं आहे की पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मान यांनी १९१०च्या सुमारास त्याचा अभ्यास केला होता. तिथे चोपण जमिनी जास्त. चोपण म्हणजे सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि मातीला चिकटलेला सोडियम जास्त. तिला पांढरा पापुद्रा असेलच असं नाही, उलट ती काळी, तेलकट दिसते. सांगली-कोल्हापुरातल्या कुणाचा लेख वाचून त्यांची मर्यादा खारेपाटात लावू नका. तिथे जिप्समचा विचार करतात, तुमच्याकडे बांध नीट केला आणि उघाडी चालती ठेवली तर पाऊसच औषध आहे.

रँडम फॉरेस्टबद्दल तुम्ही अभिमानाने लिहिलंय की अचूकता ९४ टक्के आली. अकरा नमुन्यांवर? तुम्ही प्रत्येक नमुन्याभोवतीचे पंचवीस पिक्सेल घेतलेत आणि त्यांतलेच काही शिकवायला, काही तपासायला वापरलेत. शेजारी शेजाऱ्यासारखाच असतो. मॉडेलने उत्तरपत्रिका पाहून पेपर लिहिला. तपासणीचे नमुने वेगळ्या खाचरातले, शक्य तर बांधापलीकडच्या वेगळ्या खारबंदिस्तीतले ठेवा. अचूकता सत्तरवर उतरेल, उतरू द्या. मला परीक्षक म्हणून सत्तर पाहिलं की मुलाने चालत फिरून काम केलंय असं वाटतं. आणि वाहकतेचे दशांशात आकडे देणारा नकाशा करू नका. ‘भरतीचं पाणी येतं’, ‘उन्हाळ्यात मीठ वर येतं पण खरिपात भात होतो’, ‘संशयित, माती तपासा’ आणि ‘ठीक’ असे चार वर्ग पुरे. यातला दुसरा वर्ग सगळ्यात मोठा निघेल आणि त्याला क्षारपड म्हणायचं की नाही यावर तुमचा मार्गदर्शकांशी वाद होईल. माझं मत: म्हणू नका. मेमध्ये पांढरी आणि ऑगस्टमध्ये गोडी असलेली जमीन खारेपाटात निरोगीच असते.

शेवटी एक काळजी घ्या. वर्गांवर गटनंबरांच्या सीमा चढवून नकाशा व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, मोह कितीही झाला तरी. दहा मीटरच्या पिक्सेलला सातबारा कळत नाही. पण दलालाला ‘सरकारी नकाशात खारट आहे’ म्हणायला तेवढं पुरतं, आणि सरकारी कुठे, तुमचा वर्गपाठ होता, हे कोण ऐकणार? एकदा माझ्याच एका नकाशाची प्रत अशी फिरली. मी ज्या तुकड्याला ‘तपासा’ म्हटलं होतं त्याचा भाव एका बैठकीत खाली आला आणि तपासायला कुणी गेलंच नाही. तिवरं आलेल्या खाचरांच्या बाबतीत तर जास्तच जपून. न्यायालयाच्या आदेशांनी तिवरांना संरक्षण आहे, आणि ‘इथे पूर्वी भात होतं’ हे दाखवणारी लँडसॅटची पट्टी शेतकऱ्याच्या उपयोगाची की अडचणीची, हे गावाने ठरवायचं आहे, तुम्ही-मी नव्हे. आधी छापील प्रत ग्रामपंचायतीत टेबलावर पसरा आणि उघाडी सांभाळणाऱ्या माणसाला बोलवा. तो बोट ठेवेल त्या जागा टिपून घ्या, मग येत्या चैत्रातल्या सप्तमी-अष्टमीच्या जवळचं चित्र कोणत्या तारखेला पडतंय ते पाहून पिशव्या आणि मापक घेऊन निघा. मांडव्याची सकाळची पहिली बोट पकडलीत तर उपग्रह येण्याआधी खाचरात पोचाल.